गाढविणीचे हललेले फोटो

आमच्या हिची नजर गेली असं जे कोणी म्हणतात, त्यांनी एकदा घरी यावं आणि ती सुईत दोरा कशी ओवते ते बघावं. चष्मा न लावता, एका दमात ओवते. मी तोच दोरा जिभेवर ओला करून करून त्याचा पार चोथा करतो. पण बघायला कोण येतंय? माणसाची कीव करायला लोकांना वेळ असतो, खात्री करून घ्यायला नसतो.

इतके दिवस मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, कारण तिला तसा शब्द दिला होता. तो शब्द गाढविणीच्या जिवापुरता होता. गाढवीण गेली. आता मी बोलणार, आणि कुणाला राग आला तर येऊ दे, मला तर केव्हाचा आलेला आहे.

मी जुन्या शेतीच्या संग्रहालयात फाटकावर तिकिटं फाडतो. आत लाकडी नांगर आहेत, बैलगाड्या आहेत, दगडी चक्की आहे, धान्य उफणायची सुपं आहेत. आणि ही सगळी अवजारं ज्यांच्या जिवावर चालायची ती जनावरंही होती. कुठे पाहायला मिळणार नाहीत अशा जुन्या जातींची गुरं, मेंढ्या, बदकं, एक घोडी, एक गाढवीण. जुन्या वाणांची झाडं होती, वेलांचे वाफे होते. होती म्हणतोय, हे लक्षात घ्या.

आमची ही तिथली फोटोग्राफर. तिच्या वडिलांचा फोटोचा स्टुडिओ होता. "हनुवटी वर, खांदे सैल," असं लोकांना सांगत ती लहानाची मोठी झाली. मला पहिल्यांदा बघितलं तेही भिंगातूनच. मी ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेलो होतो. "डोळे मिटू नका हो," असं ती मला तीनदा म्हणाली आणि चौथ्यांदा हसली. पुढे संग्रहालयाला एका वळूचा फोटो हवा होता. स्टुडिओतून दुसरं कुणी जाईना, म्हणून ही गेली, ती तिथलीच झाली.

तिची काम करायची तऱ्हा ऐका. जनावराचा फोटो काढायचा म्हणजे आधी बराच वेळ काहीच करायचं नाही. ही गोठ्यात जाऊन कॅमेरा मांडीवर घेऊन बसायची. जनावर यायचं, हिला हुंगायचं, कॅमेऱ्याचा पट्टा चाटायचं, कंटाळायचं आणि आपल्या उद्योगाला लागायचं. मग ही गुडघ्यांवर यायची आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायची. "वरून काढला की सगळी जनावरं चोरी करताना पकडल्यासारखी दिसतात," असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिचे सगळे कपडे गुडघ्यांवर शेणामातीने माखलेले असायचे. ते घासायचं काम माझ्याकडे होतं आणि अजूनही असतं तर बरं झालं असतं.

झाडांचं त्याहून कठीण. जनावर निदान दमतं, वारा दमत नाही. संग्रहालय बंद असलं की मी वाफ्यात उभा राहून पांढरी चादर धरायचो, म्हणजे मागचं काही दिसू नये आणि शेंग तेवढी उठून दिसावी. हात भरून यायचे. मी म्हणायचो, "अगं आटप की." ती म्हणायची, "अहो, शेंग हलतेय अजून." शेंग हलायची थांबेपर्यंत माझे हात हलायला लागायचे आणि मग चादरीवरून बोलणी मी खायची.

आणखी एक सवय होती तिची, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. अवघड आधी करायचं, सोपं शेवटी. घरी भांडी घासतानाही आधी करपलेलं पातेलं घेते, पेले शेवटी. कामावरही तसंच. आधी बदकं, कारण ती एका जागी राहत नाहीत. मग बोकड, कारण तो धावून येतो. मग घोडी, कारण तिला पिशवीची भीती वाटते आणि कॅमेरा पिशवीतून निघतो. सर्वांत सोपं काम सर्वांत शेवटी ठेवायचं, म्हणजे थकलेल्या हाताला ते आराम देतं.

नवे संचालक आले तेव्हा त्यांनी हिला बोलावून सांगितलं की आपल्याला सगळ्या जनावरांची आणि झाडांची पूर्ण चित्रनोंद करायची आहे. जनावर चारी बाजूंनी, उभं, चालताना, खाताना, खुरांपासून कानांपर्यंत. झाड मुळापासून बीपर्यंत. या माणसाला आम्ही पाठीमागे चकाचक म्हणतो, कारण त्याला सगळं चकाचक लागतं. नांगरालासुद्धा त्याने वार्निश लावलं. पण त्या दिवशी ही घरी आली ती नाचतच. इतकी वर्षं तिच्या कामाला कुणी काम म्हटलं नव्हतं. "हौशी बाई आहेत, काढतात फोटो," एवढंच. आता कुणीतरी समोर बसवून म्हणालं होतं की हे तुमच्याशिवाय होणार नाही. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग तिने जे काम केलं त्याला तोड नाही. नाशपातीच्या एका झाडासाठी ती कळीपासून फळापर्यंत पाळत ठेवून होती. एका मेंढीला कोकरू व्हायचं होतं तर तिथेच पेंढ्यावर बसून जेवली. माझी चादर धरायची नोकरी तेवढ्यात कायम झाली.

शेवटी राहिली गाढवीण. ही म्हातारी एके काळी दगडी चक्की ओढायची. आता नुसती चक्कीजवळच्या आपल्या कप्प्यात उभी असायची, आणि उभी म्हणजे उभीच. कोंबड्या तिच्या पाठीवर बसून झोपायच्या. शाळेची पोरं तिला टेकून डबा खायची. एकदा तिच्या शेजारचं छप्पर कोसळलं, तर गाढविणीने फक्त एक कान वळवला. तिचा फोटो काढायला फोटोग्राफर कशाला, खिडकीत कॅमेरा ठेवून दिला असता तरी चाललं असतं. आमची ही रोज जाता-येता तिच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "तुझं काय, तू आहेसच."

त्या सुमारास ही घोडीच्या तबेल्यात एक-दोन राहिलेले फोटो घेत होती. तिथे सुतार आला आणि भिंतीचं माप घेऊ लागला.

"बाई, जरा सरकता का? पडद्याची चौकट बसवायचीय," तो म्हणाला.

"कसला पडदा?"

"घोडीचा. घोडी जाणार ना. इथे भिंतभर पडदा लागणार आणि त्यावर तुमचे फोटो दिसणार. सगळ्याच कप्प्यांत लागणार आहेत." सुतार भला माणूस, वर म्हणाला, "तुमचं काम झकास दिसेल बघा."

त्याच आठवड्यात घोडी माझ्या फाटकातून ट्रकमध्ये चढून गेली. पाठोपाठ मेंढ्या गेल्या. कुठे गेल्या ते कुणी सांगेना. सगळे "योग्य ठिकाणी" म्हणायचे. म्हाताऱ्या घोडीला रपेटीसाठी कुणी विकत घेत नाही, एवढं तिकिटं फाडणाऱ्यालाही कळतं. नाशपातीची झाडं तोडून तिथे गाड्या उभ्या करायला सपाट जमीन केली. फळाचे फोटो होते ना, मग फळ कशाला हवं होतं?

आम्ही दोघं चकाचकच्या खोलीत गेलो. मी कशाला गेलो तर हिच्या तोंडून शब्द फुटला नाही तर माझ्या फुटावा म्हणून. पण तिनेच विचारलं, अगदी सरळ, की हे ठरलं होतं तर मला आधी का नाही सांगितलं.

तो हसून म्हणाला, "ताई, बसा ना. काका, तुम्हीपण. हे बघा, जनावर आज ना उद्या मरणारच. चित्र मरत नाही. शेण नाही, वास नाही, माशा नाहीत. आणि खरं सांगू? तुमचे फोटो इतके सुंदर आहेत म्हणूनच हे जमलं. साधे असते तर संग्रहालयाच्या मंडळाने मान्यता दिलीच नसती, जनावरं ठेवावीच लागली असती."

याला म्हणतात जखमेवर मीठ चोळणं, आणि तेही आभार मानत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिचा चेहरा मात्र पांढरा पडला. म्हणजे तिने जीव ओतून काम केलं हाच तिचा गुन्हा. तिने घोडीच्या पापण्यांची लव दाखवली, म्हणून घोडी गेली. चार फोटो बिघडवले असते तर घोडी आज तबेल्यात असती. कुठला न्याय आहे हा, मला कुणीतरी समजावून सांगा.

घरी आल्यावर ती भांडी घासत बसली. करपलेलं पातेलं तसंच पडलं होतं आणि ही पेले घासत होती, तेव्हाच मला कळलं की हिचं चित्त थाऱ्यावर नाही. मग पाठमोरीच म्हणाली, "अहो, नोंद पुरी झाल्याशिवाय वस्तू फाटकाबाहेर जात नाही ना?"

जात नाही. संग्रहालयातून पूर्वी काही जिनसा गायब झाल्या होत्या, तेव्हापासून मंडळाचा तसा कडक नियम आहे. संग्रहालयाच्या फोटोग्राफरने, संग्रहालयाच्या कॅमेऱ्याने काढलेले सगळे फोटो जागेवर असतील तरच वस्तू हलते. आणि जनावरसुद्धा कागदोपत्री वस्तूच. सूप ही वस्तू, तशी घोडी ही वस्तू. मी तिला म्हटलं, "नाही जात."

"मग गाढवीण जाणार नाही," ती म्हणाली, आणि पातेलं घ्यायला वळली.

दुसऱ्या दिवसापासून गाढविणीचे फोटो हलायला लागले. एकात नुसता करडा धूर. एकात कान नाहीत. एकात मध्येच बोट आलेलं. चकाचकने विचारलं, "गाढव हललं का?"

इथे खरी मेख होती. बदक असतं तर म्हणता आलं असतं की हललं. बोकड असता तर प्रश्नच नव्हता. पण अवघड ती सगळी आधीच उरकून, ट्रकमध्ये चढून गेली होती, आणि उरली होती ती जगातली सर्वांत न हलणारी गाढवीण. ती हलली असं म्हटलं असतं तर झाडूवालीनेही खोटं पकडलं असतं. दोष जनावरावर ढकलायची सोय नव्हती. एकच माणूस उरला होता ज्याच्यावर तो टाकता येईल.

"नाही साहेब," ही म्हणाली. "माझा हात हलला."

जिच्या हातात कॅमेरा असताना पाखरू येऊन खांद्यावर बसायचं, तिने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि सगळ्यांनी लगेच मानलं. यावरच माझा सगळ्यांत जास्त राग आहे. इतक्या वर्षांचं काम भिंतींवर टांगलेलं होतं, पण कुणी एकजण म्हणाला नाही की हे कसं शक्य आहे, यात काहीतरी काळंबेरं आहे. म्हातारी झाली म्हणाले, आणि मोकळे झाले.

त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी सोबत होतो. समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ मला दिसत नव्हती ती तिला दिसत होती, कारण तिने तिच्यातलं प्रत्येक अक्षर बरोब्बर चुकवलं. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला. तो लावला की तिचं डोकं ठणकायचं आणि जमीन वर आल्यासारखी वाटायची. फाटकातून आत जाताना ती माझ्या खिडकीशी थांबायची, मी तिकिटांच्या खणातून चष्मा काढून द्यायचो. बाहेर येताना ती तो मला परत द्यायची आणि डोळे चोळायची. चष्म्याने खरोखरच दिसेनासं झाल्यामुळे ती अंगणात ठेचाळायची, मग झाडूवाली धावत येऊन तिचा दंड धरायची. "जपून हो ताई," म्हणायची. ही "हो हो" म्हणून तिचा हात धरून चालायची.

मी म्हटलं, "अगं, बस झालं आता. एका गाढवासाठी किती दिवस गाढव व्हायचं?"

"ती आहे तोपर्यंत," ती म्हणाली. "आणि तुम्ही कुणाजवळ बोलायचं नाही. दाढीवाल्याजवळसुद्धा नाही." दाढीवाला म्हणजे जनावरांचं बघणारा. त्याच्या हाती आता एवढी एकच गाढवीण उरली होती, तिला तो दिवसभर घासत बसायचा.

शेवटी चकाचकने हिला घरी बसवलं. सन्मानाने, असं त्याचं म्हणणं. निरोपाच्या कार्यक्रमात त्याने भिंतीवर हिचे जुने फोटो दाखवले, घोडी, कोकरू, नाशपातीचा फुलोरा, आणि मग सगळ्यांत शेवटी गाढविणीचा तो करडा धूर. "वय कुणाला चुकलंय," तो म्हणाला. लोक हळवं हसले, टाळ्या वाजल्या. मी उठणार तोच हिने माझ्या पायावर पाय दाबला, असा दाबला की अंगठ्याचं नख काळं पडलं. मग तिने उठून सगळ्यांचे आभार मानले आणि खुर्चीवर बसताना चाचपडल्यासारखं केलं.

नवा फोटोग्राफर नेमायला मंडळाची बैठक, मग अर्ज, मग त्या अर्जांसाठी पुन्हा बैठक. सरकारी काम आणि सहा महिने थांब. ही म्हण मी आयुष्यभर शिव्यांसारखी वापरली, त्या वेळी पहिल्यांदा तिला हात जोडले. तोवर गाढवीण आपल्या कप्प्यात उभी. पाठीवर कोंबडी नव्हती, कारण कोंबड्याही पडद्यावर गेल्या होत्या. पण ती होती. तिच्या पुढ्यात गवत होतं आणि पोरं तिला टेकत होती. बाकीच्या कप्प्यांत पडदे लखलखत होते, आणि पोरं त्यांच्यासमोरून पळत गाढविणीकडे यायची.

नवा माणूस रुजू व्हायच्या आधीच ती गेली. पेंढ्यावर, स्वतःच्या जागी, मान भिंतीला टेकवून. दाढीवाला घासायचा ब्रश हातात घेऊनच माझ्या खिडकीशी आला. मी घरी निरोप पाठवला. ही आली, चष्मा न घेताच माझ्या खिडकीवरून आत गेली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. कॅमेरा आणला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी चकाचक आमच्या घरी आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे तर गाढवही उरलं नव्हतं. चक्कीजवळचा कप्पा रिकामा पडला होता. पडदा बसवून झाला होता आणि त्यावर दाखवायला काहीच नव्हतं. लोकांच्या मोबाइलमध्ये गाढविणीचे कान असतील नसतील, पण त्यातून भिंतभर पडदा भरत नाही. ही खिडकीशी बसून माझ्या कोटाचं तुटलेलं बटण लावायच्या तयारीत होती.

"ताई, एखादा तरी बरा फोटो असेल का हो?" तो म्हणाला. "आधीचा कधीचा? पोरं विचारतात गाढव कुठे गेलं."

आता मात्र मला राहवेना. शब्द संपला होता, मी मोकळा होतो. मी त्याला सगळं सांगितलं. हिचा हात हलला नव्हता, हिने हलवला होता. डॉक्टरसमोर अक्षरं मुद्दाम चुकवली. तुमचा चष्मा माझ्या खणात पडलाय, घेऊन जा. तुमच्या टाळ्या तिने बसून ऐकल्या, आंधळी म्हणवून घेतलं, एका म्हाताऱ्या जनावराला ट्रकमध्ये चढवलं जाऊ नये म्हणून. आणि तुम्हा एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही शंका आली नाही. मी बोलता बोलता उभा राहिलो होतो. आवाज चढला होता. समोर हिने दोरा घेतला आणि माझं बोलणं चालू असतानाच सुईत ओवला, एका दमात.

चकाचकने सगळं नीट ऐकून घेतलं. तो ओशाळेल, निदान खाली बघेल, असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे नजर ठीक आहे," तो म्हणाला. "मग एखादा चांगला फोटो नक्की काढला असेल तुम्ही, स्वतःसाठी म्हणून?"

मी हिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर हे मीही तिला कधी विचारलं नव्हतं. मलाही मनातून वाटत होतं की असेल कुठेतरी, एखाद्या डब्यात, आमच्यापुरता.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही. एक जरी असता तरी कुणाच्या तरी हाती लागला असता."

"अरेरे," तो म्हणाला. "मग आता ती कशी दिसायची ते लोकांना कळणार कसं?"

"होती ना साहेब," ती म्हणाली. "इतकी वर्षं तिथेच उभी होती. तेव्हा बघायचं होतं."

आणि तिने मान खाली घालून बटण लावायला घेतलं.